रुतलेले चाक



बेल्हे येथील सोमवारच्या बैलबाजारास जाणाऱ्यांनी चिखलात रुतलेली गाडी पाहिली असेलच. जाणता गाडीवान बैलांस मारीत बसत नाही. तो ओझे उतरवितो, चाकाखाली दगड घालितो, आणि मग जू धरितो. मनुष्याचे आयुष्य असे रुतते तेव्हा मात्र आपण स्वतःस चाबूक मारितो, नाहीतर गाडी तशीच टाकून नशिबास बोल लावितो!

ह्या पाठासाठी आम्ही लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे उदाहरण घेत आहो. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलासह आप्तांच्या आश्रयास राहिल्या. पतीकडे जावे तर धर्म बुडतो, न जावे तर संसार बुडतो. पुढे नगरास पतीजवळ आल्यावरही त्यांनी आपले सोवळे व चूल निराळीच ठेविली. सोवळे सुटावयास पुष्कळ दिवस लागले, आणि बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. ह्या विलंबास कोणी दुर्बळपणा म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. पतीच्या दडपणाने नव्हे, तर स्वतःस पटेल तेवढेच पाऊल त्या टाकीत गेल्या, म्हणून ते मागे आले नाही.

१९१९ साली टिळक वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या विधवेने पुढील ६४ अध्याय रचून ते पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. ‘आता आमचे वय झाले’ असे चाळिशीतच म्हणणाऱ्या आमच्या काही मंडळींनी हा आकडा लिहून ठेवावा.

उपदेशक बंधूंस एक सूचना. कर्जाने वा घरच्या कलहाने खचलेल्या मनुष्यापुढे प्रथम उपदेश मांडू नका. त्याच्याजवळ बसा, कोणते ओझे आज उतरविता येईल ते विचारा. सावकाराचा हिशेब त्याला वाचता येत नसेल तर वाचून द्या. प्रार्थना करालच, पण हिशेब राहू देऊ नका.

वर्गात विचारावयाचे प्रश्न : लक्ष्मीबाईंनी कोणती गोष्ट आधी सोडली, कोणती मागाहून? आपल्या मंडळीत ह्या आठवड्यात कोणाचे चाक रुतले आहे, आणि त्याच्या घरी कोण जाणार?