सांधा समेवर

घरगुती ध्वनिमुद्रणात अख्खा अभंग एका दमात निर्दोष उतरणे दुर्मीळ. एका टेकमध्ये धृपद रंगते, दुसऱ्यात शेवटचा चरण. मग चांगले भाग जोडून एक सलग अभंग करावा लागतो. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू केलेले ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. मात्र सांधा चांगला बसणार की नाही, हे बरेचसे गातानाच ठरलेले असते.

पहिली अडचण लयीची. भजनाची लय गाता गाता चढते आणि ती चढायलाच हवी. पहिल्या टेकमध्ये भजनी ठेक्याच्या आठ मात्रा ४ सेकंदांत आणि दुसऱ्यात ३.८ सेकंदांत झाल्या, तर मिनिटाला १२० मात्रांची लय एकदम १२६ वर जाते आणि ऐकणाऱ्याला धक्का बसतो. ‘चेंज टेम्पो’ने स्वर न बदलता हा फरक मिटवता येतो, पण टाळाची धार त्यात बोथट होते. त्यापेक्षा दुसरा टेक घेण्याआधी पहिल्याचा शेवट ऐकावा आणि मागचे एक पूर्ण आवर्तन गाऊन मगच पुढे जावे. त्यामुळे लय आणि सूर तर जुळतातच, शिवाय आधीच्या शब्दाची आस दुसऱ्या टेकमध्येही असते. ती नसेल तर सांध्यावर सूर तुटल्यासारखा वाटतो आणि नंतर कोणत्याही इफेक्टने तो भरून निघत नाही.

जोड समेवर घ्यावी, पण थापेच्या मधोमध नव्हे. थापेच्या काही मिलिसेकंद आधी. पखवाजाची थाप ठळक असल्याने तिच्या लगतचा बारीक बदल झाकला जातो. कापलेल्या जागी लहर शून्यावर नसेल तर ‘टक्’ असा आवाज येतो. ‘झेड’ कळ दाबली की निवडीच्या कडा जवळच्या शून्यछेदावर सरकतात. पेटी किंवा तंबोरा सलग वाजत असेल तर तेवढ्याने भागत नाही, क्रॉसफेड द्यावा लागतो, म्हणजे एक टेक विरत असतानाच दुसरा चढत जातो. फितीच्या काळात पाव इंची फीत ४५ अंशांत तिरकी कापून चिकटवत. सेकंदाला १५ इंच वेगाने धावणाऱ्या फितीवर तो तिरका सांधा साधारण १७ मिलिसेकंदांचा होई. आजही सुरुवात तेवढ्यापासूनच करावी.

देहूरोडसारख्या गावात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पुणे-लोणावळा लोहमार्ग आणि जुना मुंबई-पुणे महामार्ग जवळ असल्याने दोन टेकमागचा आवाज सारखा नसतो. एकीकडे वाहनांची घरघर आणि दुसरीकडे शांतता असली की सूर जुळूनही सांधा उघडा पडतो. खोलीतला नुसता आवाज अर्धा मिनिट वेगळा मुद्रित करून ठेवावा. त्याचा थर सांध्याखाली पसरता येतो. ‘नॉइज रिडक्शन’ पंख्यासारखा एकसुरी आवाज कमी करते. गाडीचा भोंगा मात्र त्याने जात नाही, तेवढी ओळ पुन्हा गावी.

आधी पेटी आणि मग तीच ऐकत गायन मुद्रित केल्यास गायन संगणकात उशिरा नोंदले जाते. ऑडॅसिटी त्यासाठी मुळात १३० मिलिसेकंदांची भरपाई धरते. ती प्रत्येक यंत्राला लागू पडत नाही, म्हणून एकदा मोजून बदलावी. ब्लूटूथचे हेडफोन या कामी टाळावेत, तारेचेच घ्यावेत.

पखवाज एका फोनवर आणि गायन दुसऱ्यावर घेतल्यास दोन्हींची घड्याळे तंतोतंत एका गतीने चालत नाहीत. दशलक्षात ५० भागांचा फरकही दहा मिनिटांत ३० मिलिसेकंद होतो. त्यामुळे मुद्रणाच्या आरंभी आणि अखेरीस दोन्ही फोनना ऐकू जाईल अशी एकेक टाळी वाजवावी. पहिल्या टाळ्या जुळवून शेवटच्या टाळ्यांमधले अंतर पाहावे आणि एक ट्रॅक ‘चेंज स्पीड’ने तेवढाच ताणावा किंवा आवळावा. स्वरातला फरक इतका सूक्ष्म असतो की कानाला कळत नाही.

मूळ टेक वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवावेत. ऑडॅसिटीच्या तिसऱ्या आवृत्तीपासून सारा प्रकल्प एकाच फाइलमध्ये राहतो. त्याआधीच्या आवृत्त्यांत सोबतचे ‘डेटा’ फोल्डरही हलवावे लागे आणि ते राहिले की आवाजच हरवत असे. जोडलेला अभंग आधी वेव्हमध्ये काढावा. एमपी३ पाठवण्यापुरती, सर्वांत शेवटी.