पटकथालेखनाचे मार्गदर्शक ग्रंथ आणि ‘बीजा’चा प्रश्न

पटकथा लिहू इच्छिणारा नवोदित लेखक पुष्कळदा प्रथम मार्गदर्शक ग्रंथांकडे वळतो. या अभ्यासातून त्याला लेखनारंभाची प्रेरणा मिळते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

सिड फील्ड यांच्या ‘स्क्रीनप्ले’ (१९७९) या ग्रंथाने या परंपरेला निश्चित आकार दिला. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट, हे गृहीत धरून त्यांनी १२० पानांची विभागणी प्रास्ताविक ३०, संघर्ष ६० आणि उकल ३० अशी केली. हा विचार भारतीय अभ्यासकाला सर्वस्वी अपरिचित नाही. ‘नाट्यशास्त्रा’त मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. मात्र भरत संधींच्या जोडीला अर्थप्रकृतीही सांगतो आणि त्यांत पहिले स्थान ‘बीजा’ला देतो. अल्प प्रमाणात पेरले जाते, अनेक अंगांनी विस्तारते आणि अखेर फलरूप होते ते बीज. विषयाची आवश्यकता फील्डही सांगतात. परंतु तो विषय लेखकानेच आणावयाचा असतो.

‘अर्धसत्य’ (१९८३) या हिंदी चित्रपटाच्या आधारे हे स्पष्ट करता येईल. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. फौजदार वेलणकराच्या मारहाणीत कोठडीतील आरोपी मरण पावतो, हे कथानकाचे ठळक वळण होय. मार्गदर्शक ग्रंथ वाचलेला विद्यार्थी ते सहज दाखवील. परंतु त्या मारहाणीमागील संतापाचे मूळ अन्यत्र आहे : बाप आईला मारीत असता मुकाट पाहणाऱ्या मुलाच्या असहायतेत. तेच बीज. वळणाची जागा मोजता येते. असहायता मात्र अनुभवातूनच ओळखावी लागते.

हाच निकष स्थानिक सामग्रीला लावून पाहावा. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील मुकुंदवाडीत जुनी वस्ती, जालना रस्ता, रेल्वे स्थानक आणि शेजारची चिकलठाणा औद्योगिक वसाहत एकमेकांना भिडतात. तेथे राहून पटकथा शिकणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी चित्रपटांची उदाहरणे वाचताना आपल्या भोवतालात कथाच नाही, असे वाटू लागण्याचा धोका असतो. तो ग्रंथामागून ग्रंथ वाचतो आणि पहिले पान कोरेच राहते. वस्तुतः जमीन विकलेला बाप आणि कारखान्यात पाळीवर जाणारा मुलगा एका ताटापाशी बसले आहेत, जमिनीचा विषय दोघेही टाळीत आहेत, एवढी कल्पनाही बीज म्हणून पुरेशी आहे. बाप ते मौन प्रथम केव्हा मोडील, या प्रश्नापासून प्रसंग लिहावयास आरंभ करता येतो.

तात्पर्य, मार्गदर्शक ग्रंथ त्याज्य नाहीत. त्यांचे योग्य स्थान पहिल्या खर्ड्यानंतरचे आहे. लिहिलेले कोठे रेंगाळते, कोठे तुटते, हे ते दाखवितात. ज्याने काही लिहिलेच नाही त्याला मात्र त्यांचा प्रत्येक नियम आपल्या अपात्रतेचा पुरावा वाटतो. म्हणून अभ्यासक्रमात आधी एक प्रसंग लिहून घ्यावा आणि मग फील्ड शिकवावेत, हा क्रम अधिक हितावह ठरेल.