कोयत्याची धार आणि बांधावरची भट्टी



तोडणीच्या वेळी आपण काट्याचा हिशेब करतो, पण कोयत्याच्या धारेकडे पाहत नाही. बोथट कोयता जमिनीलगत चालत नाही, मग मजूर दोन इंच वर घाव घालतो. आठ फूट उसात दोन इंच म्हणजे दोन टक्के लांबी. एकरी ४० टन ऊस धरला तर पाऊण टनाच्या वर माल बुडख्यात राहिला, आणि तोही सर्वांत पक्व भाग. शिवाय खोडव्याचे कोंब वरच्या डोळ्यांतून फुटतात, ते जोम धरत नाहीत.

पूर्वी गावचा लोहार बलुत्यावर फाळ शेवटून द्यायचा. घिसाड्यांच्या गाड्या गावोगाव फिरायच्या. आता बऱ्याच गावांत भाता थंड आहे. एका कोयत्यासाठी देवळ्याला फेरा म्हणजे दिवस मोडला. म्हणून चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एक साधी भट्टी करावी, असे सुचवतो.

भट्टीची बांधणी : विटांचा किंवा जाड पत्र्याचा दीड फूट लांब, एक फूट रुंद हौद करा. आतून मातीचा लेप द्या. आपली काळी माती वाळताना भेगाळते, ती नको. पांढरी माती एक भाग व वाळू दोन भाग घ्या. मध्ये सहा इंच खोल, नांगराच्या तासासारखी चर ठेवा. तिच्या तळाशी एका बाजूने एक इंची साधा लोखंडी पाइप घाला. जस्ताचा मुलामा असलेला पाइप घेऊ नका, तापल्यावर त्याच्या धुराने ताप भरतो. पाइपाला हाताने फिरवायचा ब्लोअर जोडा. लेप आठ दिवस सावलीत वाळवा, मग मंद विस्तव करा.

माझी पहिली भट्टी मी गिरणेतल्या गोट्यांनी अस्तरली होती. दगडात ओल होती. विस्तव चढताच एक गोटा फुटला, कपची डोळ्याखाली लागली. तेव्हा नदीचे दगड नकोत आणि चष्म्याशिवाय काम नको.

जळण : बाभळीचा लोणारी कोळसा, सुपारीपासून लिंबाएवढा. पाचट किंवा बगॅस भुर्रकन जळते, निखारा धरत नाही. भट्टी फडापासून, पाचटापासून व कडब्याच्या गंजीपासून लांब ठेवा. जवळ पाण्याची बादली हवीच.

ऐरण : ट्रॅक्टरचा मोडका जाड ॲक्सल ओंडक्यात पक्का बसवा. रेल्वे रुळाचा तुकडा पावतीशिवाय घेऊ नका, तो गुन्हा ठरू शकतो. जोडीला दोन शेरांचा हातोडा व लांब सांडशी.

काम कसे शिकावे : पहिल्याच दिवशी कोयत्याला हात घालू नका. आधी पहारीचे टोक, मग खुरपे. लोखंड नारिंगी लाल असताना ठोका. काळपट लाल झाले की पुन्हा आगीत घाला, थंडावलेल्यावर घाव घातल्यास चीर पडते. पांढऱ्या ठिणग्या उडाल्या तर पोलाद जळाले, तो भाग तोडूनच टाकावा लागतो.

कोयता बहुधा कमानपाट्याच्या पोलादाचा असतो. धार ठोकून पातळ केल्यावर त्याला पाणी द्यावे लागते. धार तापवत जा आणि मधूनमधून लोहचुंबक लावून पाहा. चुंबक चिकटेनासा झाला की थोडे आणखी तापवून धारेचा भाग कोमट तेलात बुडवा. थंड पाण्यात असे पोलाद तडकते. तेल लोखंडी भांड्यात, झाकणासह ठेवा, ते पेट घेऊ शकते. आता धार काचेसारखी ठिसूळ असते. ती दगडाने उजळून पाठीकडून हळूहळू शेका. आधी गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग येईल, मग तपकिरी. तपकिरीवर थांबा. निळा आला तर धार मऊ पडली, पुन्हा पहिल्यापासून करा.

गावात जुना लोहार असेल तर चार दिवस त्याच्या भात्याशी बसा आणि त्याची मजुरी द्या. त्याच्या डोळ्याला कळणारा रंग कागदावर लिहून कळत नाही.

यंदा तोड सुरू होण्याआधी टोळीच्या मुकादमाकडून कोयते पाहून घ्या. बोथट असतील ते आधी भट्टीत, मग फडात. शंका असल्यास शेतकी गट कार्यालयात विचारावे.

— ऊसविकास अधिकारी