दंडाची पट्टी आणि परदेशातलं पद

मुलीने आंतरराष्ट्रीय विकास संस्थेत मोठी अधिकारी व्हायचं म्हटलं, की जव्हार-मोखाड्यातल्या आईबापांना आधी परदेशातल्या कॉलेजची फी आठवते. माझ्या मते फीचा विचार नंतरचा. संयुक्त राष्ट्रांत ‘वरिष्ठ’ म्हणवणारी पी-५ ही श्रेणी साधारण १० वर्षांच्या अनुभवाशिवाय मिळत नाही. खालच्या पी-३ लाही ५ वर्षं मागतात. म्हणजे ही वर्षं कुठे घालवली, यावर पुढचं बरंच ठरतं, आणि त्यासाठी या दोन तालुक्यांइतकी कसदार जागा क्वचितच सापडेल.

अंगणवाडीताई बाळाच्या दंडाला जी पट्टी गुंडाळते, तिच्यावर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत लाल रंग असतो: तीव्र कुपोषण. येमेन आणि दक्षिण सुदानमध्येही याच आकड्यावर बाळ उपचाराला घेतात. पट्टी लाल रंग दाखवते, कारण सांगत नाही. ते दिवाळीनंतर दिसतं. भात-नाचणी घरात आली, की उचल घेतलेली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. मूलही जातं आणि गावच्या अंगणवाडीचा आहार, वजनाची नोंद दोन्ही सुटतं. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं, योजना आल्या. रोजगार हमीचा कायदा तर महाराष्ट्राने १९७७ मध्येच केला होता, देशाने २००५ मध्ये. तरीही हमीची मजुरी लांबली की माणूस हातात रोख ठेवणाऱ्या मुकादमाकडेच जाणार. मजुरी, स्थलांतर आणि बाळाचा दंड यांचा हा संबंध ज्याने पाड्यावर बसून उलगडला, त्याला दुसऱ्या देशात काय विचारायचं ते कळतं.

‘पाड्यातून बाहेर पडावं म्हणून शिकवलं, आणि पुन्हा पाड्यातच?’ हा सवाल रास्त आहे. कोणी जन्मभर राहा म्हणत नाही, फुकट राबा तर मुळीच नाही. पगारी कामाची दोन-तीन वर्षं, मग टाटा सामाजिक विज्ञान संस्था (टिस) किंवा देवनारच्या लोकसंख्या संस्थेतलं पदव्युत्तर शिक्षण, असा क्रम धरावा. परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे: अनुसूचित जमातींना वर्षाला २० जागा, त्यांतल्या ३ कातकरींसारख्या अतिमागास जमातींसाठी. दुसरी शंका जास्त गंभीर. अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड जुलै २०२५ मध्ये बंद झाली आणि जगभर अनुभवी माणसं घरी बसली. या क्षेत्रात बहुतेक नेमणुका कराराच्या, हे पालकांपासून लपवू नये. म्हणूनच नुसतं ‘विकास’ शिकण्यापेक्षा आहारशास्त्र, संख्याशास्त्र, पाण्याचं इंजिनिअरिंग किंवा हिशेब यांपैकी एक विद्या पक्की हवी. बाहेरचा निधी आटला तरी तिला जिल्हा परिषदेपासून आरोग्य अभियानापर्यंत काम आहे. इंग्रजी नीट लिहिता यायलाच हवं, जमल्यास फ्रेंचही. पण काल बाळाने काय खाल्लं, हे आईला तिच्या वारलीत विचारता येणं कुठल्या वर्गात शिकवत नाहीत, आणि इथल्या कितीतरी मुलामुलींना ते घरातूनच येतं.