बागेची विटांची कड: एकदा बसवली की हलायला नको



बागकामाची सेवा सुरू करायची आहे, पहिलं काम कोणतं घेऊ, असं दुकानात येणारी नवीन मंडळी विचारतात तेव्हा मी बऱ्याचदा एकच उत्तर देते: विटांची कड. बंगल्याचं अंगण, सोसायटीची बाग, शाळेतले फुलांचे वाफे, सगळीकडे हे काम असतं. मोठं यंत्र लागत नाही, भांडवल थोडं लागतं आणि लहान काम एका दिवसात संपतं.

पण सोपं दिसतं म्हणून हे काम कोणीही घेतं. विटा आणतात, मातीत खोचतात, वर गेरू-चुना मारतात, पैसे घेतात. त्या दिवशी फोटो सुंदर येतो. पावसाळा गेला की एक वीट आत, एक बाहेर, दोन आडव्या पडलेल्या. मग गिऱ्हाईक फोन करतं. तुम्ही जाता तेव्हा स्वतःच्या खिशातून जाता. म्हणून आज दोन गोष्टी शिकायच्या: कड जागेवर कशामुळे राहते, आणि त्याचा आपल्या नफ्याशी काय संबंध. व्हिडिओत हात कसे चालतात ते दिसेल, मापं इथे लिहून देते.

कड हलते का?

वीट स्वतःहून कुठे जात नाही. तिच्याखालची माती जाते. त्याची मुख्य कारणं चार.

पहिलं, माती दबलेली नसते. वाफ्याची माती आपण मुद्दाम भुसभुशीत करतो आणि त्याच मातीवर वीट ठेवतो. पाणी पडलं की माती बसते, वीटही बसते.

दुसरं, काळी माती. आपल्या देशावरची काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वर्षातून एकदा ती विटेला वर ढकलते, एकदा खाली सोडते.

तिसरं, पाणी. वाफ्याला रोज पाणी घालतो. त्याला वाट ठेवली नाही तर ते विटेखालून वाट काढतं आणि जाताना बारीक माती घेऊन जातं.

चौथं, मोकळी टोकं. मधल्या विटांना दोन्ही बाजूंनी शेजारी असतो. टोकाच्या विटेला एका बाजूने कोणीच नसतं. ती आधी सुटते आणि तिच्यामागे रांग सुटते.

वीट निवडताना

भट्टीवर किंवा डेपोत गेलात की दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे कच्ची भाजणी. नखाने ओरखडा काढा, उमटायला नको. घरी आणून एक कोरडी वीट वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. आयएस १०७७ या मानकात नेहमीच्या विटेसाठी पाणी शोषण्याची मर्यादा २० टक्के आहे. म्हणजे ३ किलोची वीट ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली तर ती नको. कडेची वीट वर्षभर ओल्या मातीत राहणार आहे. भिंतीला चाललेली वीट इथे चालेलच असं नाही.

खोदाई आणि पाया

आपण उदाहरण घेऊ ३० फूट कडेचं. वीट ९ × साडेचार × ३ इंचाची. ती उभी लावायची, साडेचार इंची बाजू समोर. उभी वीट दोन भाग जमिनीत आणि एक भाग वर ठेवता येते, म्हणून ती आडव्या विटेपेक्षा घट्ट राहते. गोलाईतही सहज वळते.

१. आखणी. सरळ कडेला दोन खुंट्या आणि घट्ट ताणलेली दोरी. गोलाईला पाण्याचा पाईप थोडा वेळ उन्हात ठेवा, नरम झाला की हवा तसा वळवा आणि त्याच्या कडेने फक्की मारा. आखणी झाली की गिऱ्हाइकाला बोलावून दाखवा. खोदल्यावर बदल झाला तर मजुरी तुमची जाते.

२. चर. ९ इंच रुंद, १० इंच खोल. तळाची सैल माती आणि मुळं काढून तळ आधी धुम्मसने ठोका.

३. पाया. ३ इंच मुरूम किंवा बारीक खडी-मुरूम मिश्रण. थोडं पाणी शिंपडा आणि ठोका. किती ठोकायचं? टाच दाबली तर खूण उमटायला नको, इतकं. मुरूम ठोकल्यावर बसतो, म्हणून हिशोबापेक्षा साधारण पाव पट जास्त मागवा. ३० फुटाला अंदाजे ७ घनफूट लागतो.

४. गादी. त्यावर १ इंच कच, म्हणजे क्रश सँड. नदीची वाळू गोल असते, ती सरकते. कचेचे कण टोकदार असतात, एकमेकांत अडकतात. ३० फुटाला २ घनफूट पुरते.

५. विटा. आता चर ६ इंच उरला. ९ इंची वीट उभी केली की ३ इंच वर राहते. एका टोकापासून सुरू करा, वीट विटेला चिकटवून लावा, रबरी हातोड्याने वरून ठोका. दर चार-पाच विटांनी पाणसळ ठेवा. ३० फूट म्हणजे ३६० इंच, भागिले साडेचार, ८० विटा. तुटफूट धरून ८५ आणा.

६. भराई. दोन्ही बाजूंना काढलेली माती दोन थरांत भरा आणि प्रत्येक थर ठोका. एकदम भरून वरून पाय मारला तर खालचा थर पोकळ राहतो.

७. टोकं. दोन्ही टोकांच्या तीन-तीन विटांच्या मागे, वाफ्याच्या बाजूने, मातीखाली काँक्रीटचा तिरका टेकू द्या. वरून दिसत नाही. त्या विटा आधी पाण्यात भिजवून घ्या, नाहीतर त्या मालातलं पाणी ओढतील.

८. पाण्याची वाट. दर ५-६ फुटांवर दोन विटांमध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून मागे मूठभर खडी टाका.

जमिनीप्रमाणे बदल

काळी माती असेल तर चर ३ इंच आणखी खोल घ्या आणि पाया ६ इंच करा, ३-३ इंचांच्या दोन थरांत ठोकून. अशा जागी सगळी कड सिमेंटने एकसंध करू नका. माती फुगली की एकसंध कड तडकते. सुट्या विटा थोड्या हलून परत बसतात. कोकणात माती एवढी फुगत नाही, पण पाऊस जोराचा असतो. तिथे पाण्याच्या फटी जवळजवळ ठेवा. वेळही महत्त्वाची. पाऊस संपल्यावर, माती चिखल नाही आणि भेगाळलेलीही नाही, तेव्हा हे काम चांगलं बसतं.

आता हिशोब

हे आकडे समजावण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे दर टाका.

विटा ८५, दर १० रुपये: ८५०
पायाचा मुरूम: ५००
कच आणि सिमेंट: १५०
गवंडी आणि बिगारी, एक दिवस: १८००
टेम्पो: ४००
एकूण खर्च: ३७००

दर १७० रुपये फूट सांगितला तर बिल ५१००. नफा १४००.

आता कोणी म्हणेल, पाया कोणाला दिसतो? तो गाळला तर ५०० वाचतात आणि नफा १९०० होतो. बरोबर. पण कड हलली आणि गिऱ्हाइकाने बोलावलं तर? पुन्हा मजुरी १८००, फेरी ४००, आणि या वेळी पाया घालावाच लागतो, ५००. झाले २७००. १९०० मधून २७०० वजा करा. ८०० रुपये खिशातून गेले. शिवाय तो दिवस दुसऱ्या कामाला मिळाला नाही, आणि शेजारच्या बंगल्याचं कामही बहुतेक गेलं. ५०० रुपये वाचवायची ही किंमत आहे.

उलट बाजूने बघा. दुसरा माणूस ३० फुटाला ५०० कमी सांगेल. तुम्ही दर पाडू नका, फरक दाखवा. कोटेशनमध्ये एकच ओळ न लिहिता पाया, कच, टोकांचा टेकू, पाण्याच्या फटी असं वेगवेगळं लिहा. गिऱ्हाईक दुसऱ्याला आपोआप विचारतं, तुमच्यात पाया आहे का? आणि विटा लावायच्या आधी ठोकलेल्या पायाचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवा. झाकलं जाणारं काम दाखवलं नाही तर त्याचे पैसे मागणं अवघड जातं.

काम सोपवण्याआधी

प्रत्येक विटेला पायाने बाजूने दाबून बघा. वाफा पाण्याने पूर्ण भरा आणि पाणी फटींतूनच बाहेर पडतंय ना ते पाहा. बसलेली वीट असेल तर तिथेच उचलून खाली कच घाला. शेवटी गिऱ्हाइकाला सांगा की पहिल्या पावसाळ्यानंतर एक फेरी मोफत असेल. पाया नीट असेल तर त्या फेरीत तुम्हाला काम थोडंच लागतं, आणि बऱ्याचदा तिथेच पुढची ऑर्डर मिळते.

या आठवड्याचा गृहपाठ: स्वतःच्या अंगणात किंवा नातेवाइकांकडे ६ फुटांची कड बसवा. वरच्या मापांनी १६ विटा लागतील. प्रत्येक पायरीला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. तुमचा मजुरीचा दर त्या वहीतून ठरेल, दुसऱ्याच्या रेटकार्डावरून नाही. आणि हो, ती कड पुढच्या पावसाळ्यानंतर नक्की बघायला जा.