भाच्यासाठी चार गोष्टी: ॲप बाजारात न्यायच्या आधी

बाबू, नागपूरच्या इतवारीत किराणा ओळीतल्या एका शेटजींनी तुला ॲपचं काम दिलं, असं तुझी आई सांगत होती. छान झालं. उमरेड-काटोलपासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे चिल्लर दुकानदार आता साखर-डाळीची ऑर्डर फोनवरून देणार. शेटजींचा मुलगा आयफोनवाला, म्हणून ॲप दोन्हीकडे हवं आणि म्हणून तू फ्लटर घेतलंस. स्क्रीन तू झकास रंगवशील, त्यात आत्यानं नाक खुपसायचं कारण नाही. मी सांगून राहिले ते त्याच्या पुढचं: खाती, सही, नंबर, तारखा. याच्यातच पोट्टे घसरतात.

१. गूगल आणि ॲपलचं डेव्हलपर खातं शेटजींच्या नावानं उघड आणि तू त्यात आमंत्रित सदस्य हो – उद्या तुला पुण्याला नोकरी लागली तर दुकानाचं ॲप तुझ्या जीमेलला बांधलेलं नको. ज्याचा गल्ला, त्याची चावी.

२. नाव कागदावरचं घाल, पाटीवरचं नाही – अक्षर न् अक्षर जुळलं नाही की पडताळणी अडते. आणि इतवारीतल्या कितीतरी पेढ्या एकाच मालकाच्या असतात. अशा पेढीला ॲपल संस्था धरत नाही, वैयक्तिक खातं देतं आणि ॲपखाली मालकाचं कायदेशीर नाव झळकतं. शेटजींना हे आधी सांग, मागून सांगितलं तर ‘माझं नाव कुठं टाकलं’ म्हणून तुलाच ऐकावं लागेल.

३. गूगल एकदाच २५ डॉलर घेतं, ॲपल दरवर्षी ९९. ॲपलची ही तारीख मुनीमजींच्या वहीत लिहून दे – ती चुकली की ॲप स्टोअरवरून उतरतं, आणि मुनीमजी तारीख विसरत नाहीत, तू विसरतोस.

४. गूगलचं वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल तर आधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. तू पंधरा-सोळा जण घे – दोघं-तिघं मध्येच बाहेर पडतात आणि गाडी तिथंच अडते. कॉलेजचे मित्र घेऊ नको, खरे दुकानदार घे. मित्र ‘भारी आहे बे’ म्हणतात आणि ॲप उघडतही नाहीत.

५. पॅकेजचं नाव ठरवताना एक चहा जास्त पी. ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ प्ले स्टोअर घेतच नाही, आणि एकदा प्रसिद्ध झालेलं नाव जन्मभर बदलत नाही – म्हणून त्यात तुझं नाव, साल किंवा ‘टेस्ट’ घुसू देऊ नको.

६. सही म्हणजे काय, ते नीट समजून घे. सराफा ओळीत जा, दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला दिसेल. १ एप्रिल २०२३ पासून त्याच्याशिवाय हॉलमार्कचा नवा दागिना विकता येत नाही. ॲपवरची सही तशीच, माल कोणाचा ते सांगणारी. फक्त इथं पारख फोन करतो. नवी आवृत्ती आली की तो बघतो, जुन्यावर हीच सही होती का? नसली तर आत घेत नाही, मग कोड कितीही चांगला असो.

७. सहीची किल्ली ज्यात असते ती कीस्टोअरची फाइल पेनड्राइव्हवर घालून शेटजींच्या तिजोरीत ठेव. पासवर्ड आणि आलियास वेगळ्या पाकिटात – दोन्ही एकत्र ठेवले तर ज्याच्या हाती लागलं त्याचं झालं. फाइल करताना मुदत दहा हजार दिवसांची दे. प्ले स्टोअरला २२ ऑक्टोबर २०३३ च्या पुढं चालणारीच लागते.

८. गिटवर कोड चढवण्याआधी कीस्टोअर आणि ‘की डॉट प्रॉपर्टीज’ वगळलंय का ते डोळ्यांनी बघ – एकदा चढलेलं मागाहून पुसलं तरी जुन्या नोंदीत राहतंच.

९. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲपची खरी किल्ली गूगल स्वतः सांभाळतं आणि तुझ्याकडे फक्त माल चढवण्याची किल्ली असते. ती हरवली तर खातेमालकाच्या अर्जावर बदलून मिळते. पण कोणी जुनं ॲप सांभाळायला दिलं तर पहिला प्रश्न हाच विचार, ‘किल्ली कोणाकडे आहे?’ – गूगलकडे सोपवलेली नसेल आणि हरवली असेल, तर नवं पॅकेज काढून सगळ्या गिऱ्हाइकांना पुन्हा बोलवावं लागतं.

१०. व्हॉट्सॲपवर एपीके पाठवायची सवय मोड. एक तर तुझ्या फाइलवर तुझी सही असते आणि प्ले स्टोअरच्या मालावर गूगलकडल्या किल्लीची. त्यामुळं दुकानदारानं पुढं स्टोअरवरून अपडेट करायला घेतलं की फोन नाही म्हणतो, जुनं काढावं लागतं आणि न पाठवलेल्या ऑर्डरी त्याच्याबरोबर जातात. दुसरं याहून वाईट. लग्नपत्रिका आणि चलान म्हणून एपीके पाठवून लोकांची बँक खाती साफ करणारी टोळकी फिरताहेत. आपण दुकानदाराला एकदा ‘ही फाइल दाबा, सेटिंग चालू करा’ शिकवलं की पुढच्या चोराचं निम्मं काम आपणच केलं. अंतर्गत चाचणीची वाट आहे, शंभर जणांपर्यंत चालते, तीच वापर.

११. गूगल लॉगिन आणि नकाशा तुझ्या फोनवर चालतो, स्टोअरवरून घेतला की बंद पडतो, असं होणार म्हणजे होणारच. प्ले कन्सोलमधल्या सहीच्या पानावर एक शा-वन ठसा असतो, तोही लॉगिनसाठी फायरबेसमध्ये आणि नकाशासाठी गूगल क्लाउडमधल्या एपीआय किल्लीवर टाक – तू बहुतेक फक्त स्वतःच्या किल्लीचा टाकलेला असतो.

१२. चाचणी रिलीज बिल्डवर कर. डिबगात शेर, रिलीजात ढेर! फ्लटरच्या नव्या प्रोजेक्टमध्ये इंटरनेटची परवानगी डिबगच्या मॅनिफेस्टमध्ये आयती असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये तुला घालावी लागते – ती राहिली की तुझ्या टेबलावर सगळं धावतं आणि दुकानात भावांची यादी कोरी येते.

१३. सर्व्हरचा पत्ता ‘एचटीटीपीएस’च हवा – अँड्रॉइड ९ पासून साधा पत्ता मुळात बंद असतो, पण फ्लटरच्या स्वतःच्या विनंत्या त्यातून निसटू शकतात, तेव्हा अडवलं जाईल या भरवशावर राहू नको.

१४. आयफोनवर कॅमेरा मागण्याआधी तो कशाला हवा याचं वाक्य इन्फो-पीलिस्टमध्ये लिही – नसलं तर ॲप विचारत बसत नाही, सरळ मरतं.

१५. आता मराठी माणसाची खास गोष्ट. फोनची भाषा मराठी करून पूर्ण ऑर्डर टाकून बघ. मराठी लोकेल लावलं की तारीख आणि आकडे देवनागरीत उमटतात, दिसायला देखणे. पण तीच अक्षरं तशीच सर्व्हरला गेली, तर त्याला ‘२५ कट्टे’ हा आकडा वाटेलच असं नाही. एखादा सर्व्हर ऑर्डर परत पाठवतो, एखादा चुपचाप शून्य लिहितो, आणि काटोलचा दुकानदार साखरेची वाट बघत बसतो. दाखवताना मराठी, पाठवताना इंग्रजी आकडे – हे दोन रस्ते पहिल्या दिवसापासून वेगळे ठेव. तुझा फोन इंग्रजीत आहे, म्हणून तुला हे कधी दिसणार नाही.

१६. अक्षरांचा आकार मोठा करूनही बघ – वरच्या वेलांट्या आणि मात्रा कापल्या जातात, आणि शेटजी चष्मा विसरलेले असतात.

१७. गोदामात, पोत्यांच्या थप्पीमागं उभा राहून ऑर्डर टाक, रेंज जाते. गोदामाबाहेरही हीच गत: राज्यात १५ ऑगस्ट २०२१ ला ॲपवरून पीक नोंदवायची ई-पीक पाहणी सुरू झाली, तिच्यात शेतकऱ्यानं शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो, आणि शेतातली रेंज तुला माहीत आहेच. म्हणून ऑर्डर आधी फोनवर साठव, रेंज आली की पाठव, आणि ‘पोचली’ तेव्हाच लिही, जेव्हा खरंच पोचली – नाहीतर तोच माणूस तीच ऑर्डर तीनदा दाबतो आणि टेम्पोत तिप्पट माल चढतो.

१८. आयफोनच्या बिल्डला मॅक लागतोच, स्वतःचा किंवा क्लाउडवर भाड्यानं घेतलेला. प्रमाणपत्र त्याच्या खासगी किल्लीसकट बाहेर काढून ठेव – मॅक बदलला की नुसतं प्रमाणपत्र कामाला येत नाही.

१९. ॲपलचा तपासनीस उमरेडचा नाही. त्याला तुझा ओटीपी जात नाही आणि ‘फक्त नागपूर परिसर’ अशी अट असेल तर त्याला रिकामी स्क्रीन दिसते. त्याच्यासाठी एक ठरलेला नंबर, ठरलेला ओटीपी आणि चार पोत्यांचा नकली माल ठेव, आणि हे सगळं टिपणात साध्या इंग्रजीत लिही – बिचारा आत शिरलाच नाही तर नाकारेल नाहीतर काय करेल?

२०. खातं उघडायची सोय दिलीस तर खातं मिटवायचीही ॲपमध्येच दे – ॲपल ३० जून २०२२ पासून मागतं, गूगलही मागतं.

२१. बिल्ड नंबर एकेकानं वाढव. साल, महिना, दिवस, तास, मिनिटं जोडून हुशारी करू नको – प्ले स्टोअरची मर्यादा दोनशे दहा कोटींची आहे, तुझा आकडा पहिल्याच दिवशी तिच्यापलीकडे जाईल.

२२. अस्पष्ट (ऑब्फस्केट) केलेल्या बिल्डची चिन्हांची (सिम्बॉल) फाइल प्रत्येक आवृत्तीबरोबर जपून ठेव. नाहीतर क्रॅशचा अहवाल येईल आणि वाचता येणार नाही.

२३. नवी आवृत्ती एकदम सगळ्यांना सोडू नको. गूगलवर टक्केवारी तू ठरवतोस. ॲपलची टप्प्याची वाट सात दिवसांची, १ टक्क्यापासून सुरू होणारी. गडबड दिसली तर थांबवता येतं, मागं नेता येत नाही – जुना चांगला कोडसुद्धा नव्या, मोठ्या नंबरानंच चढवावा लागतो.

२४. सर्व्हर बदललास तरी जुन्या आवृत्तीला तोडू नको. लोक महिनोन्महिने अपडेट करत नाहीत. ‘आता अपडेट करा’ हा दरवाजा पहिल्याच आवृत्तीत बसव – तो नंतर सुचला तर ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यापर्यंत पोचणार कसा?

२५. दिवाळीच्या खरेदीआधी पंधरा दिवस हात बांधून बस. मारबतीच्या दिवशीही रिलीज नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघाली की या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. काळीची प्रथा १८८१ पासूनची, ती तुझ्या ॲपसाठी थांबायची नाही, आणि अडचण आली तर दुकानापर्यंत तू पोचणार कसा? पोळ्याच्याच सुमाराला गूगलची एक मुदत येते. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲपला आणि अपडेटला अँड्रॉइड १५ हे लक्ष्य लावावं लागलं, आणि असा नियम वर्षागणिक पुढं सरकतो. तेव्हा जुलैतच प्रोजेक्ट उघड, लायब्ऱ्या ताज्या कर, एक बिल्ड काढून अंतर्गत चाचणीत टाक. आणि त्या कामाचे पैसे शेटजींच्या वार्षिक करारात आत्ताच लिहून घे.