पहिल्या बाळाचें स्वागत

मंडळीच्या अभ्यासाकरितां. वाचन : निर्गम १:१५–२१, उत्पत्ति ३:१६–१९ व ३५:१६–२०, योहान १६:२१.

त्या जुलमी फारोचें नांव निर्गमाच्या पुस्तकांत कोठेंही दिलेलें नाहीं. परंतु ज्यांनीं त्याची आज्ञा मोडली त्या दोन सुइणींचीं नांवें मात्र जपून ठेविलीं आहेत. त्या शिप्रा व पुवा. इब्री मुलगे जन्मतांच मारावे असें राजानें त्यांस फर्माविलें, आणि देवाचें भय बाळगून त्यांनीं तीं मुलें जगविलीं. ह्या उताऱ्यांत एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे वाचकाचें लक्ष क्वचितच जातें. प्रसूतीच्या आसनासाठीं मूळ इब्री भाषेंत जो शब्द आहे, त्याचा अक्षरशः अर्थ ‘दोन दगड’ असा होतो. त्यावरून, त्या काळची बाई दोन दगडांवर टेकून, बसल्या स्थितींत प्रसूत होत असावी असें पुष्कळ पंडित मानितात. म्हणजे ती उताणी निजवून ठेविलेली नव्हती, आणि एकटीही नव्हती. जाणती स्त्री तिच्या जवळ होती. मोकळें अंग व जाणतें सोबतीण माणूस, ह्या दोन गोष्टी आजचें वैद्यकशास्त्र पुनः आग्रहानें सांगूं लागलें आहे.

‘नैसर्गिक प्रसूति’ हे शब्द हल्लीं फार ऐकूं येतात. कित्येकांस वाटतें, डॉक्टर नको, दवाखाना नको, घरच्या माजघरांत जें होईल तें होऊं द्यावें, म्हणजे नैसर्गिक प्रसूति. हा अर्थ खोटा आहे, आणि तो जीव घेणारा आहे. कळा आपोआप सुरू व्हाव्या, आईच्या शरीरानें आपलें काम आपल्या गतीनें करावें, आणि जवळच्या शिकलेल्या माणसानें धीर द्यावा, पहारा करावा, व गरज पडेल तेव्हांच हात घालावा, हा तिचा खरा अर्थ. नांगरलेला मचवा खलाशी ओहोटींत पाण्यांत लोटीत नाहीं. तो भरतीची वाट पाहतो. परंतु वाट पाहतांना तो झोंपतही नाहीं.

आपण हा पाठ बुरोंडीसारखें गांव डोळ्यांपुढें ठेवून वाचूं. दापोली तालुक्यांतील ही किनारपट्टी मिशनच्या इतिहासाला अनोळखी नाहीं. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचें काम १८२३ सालीं उत्तरेकडील बाणकोटास सुरू झालें, आणि डॉ. जॉन विल्सन यांनीं १८२९ सालीं मराठीचा अभ्यास हर्णै येथें राहून केला. हर्णैच्या दक्षिणेस मुरूड, कर्दे, लाडघर, आणि मग बुरोंडी. मुरूड हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ सालीं बाळंतपणांत वारल्या; वय सारें सत्तावीस. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट याहून कोवळी आहे. चवदाव्या वर्षीं त्यांस पहिला मुलगा झाला व दहा दिवसांत तो गेला. त्या दुःखांतूनच त्या वैद्यकीकडे वळल्या, आणि १८८६ सालीं अमेरिकेंत पदवी घेतांना त्यांनीं जो प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावरचाच होता. त्या काळच्या बायांच्या प्रसूति ‘नैसर्गिक’ होत्या असें म्हणून आज कोणी हळहळूं नये.

पुढें पुष्कळ पालटलें. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत शंभरांपैकीं सुमारें ९५ प्रसूति दवाखान्यांत होतात. २०१८–२० ह्या काळांत राज्यांतील मातामृत्यूंचें प्रमाण लाख जिवंत जन्मांमागें ३३ इतकें खालीं आलें होतें. हें देवाचें मोठें देणें आहे, आणि तें पुष्कळ माणसांच्या हातून आलेलें आहे. त्यांत आपल्या मिशन दवाखान्यांच्या परिचारिका आहेत, आणि १९७० सालापासून जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं शिकवून तयार केलेल्या खेड्यांतील साध्या बायाही आहेत.

आतां वेदनेविषयीं. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायावरून कित्येक भाविक घरांत असा समज आहे कीं, प्रसूतीची कळ हा स्त्रीचा दंड आहे व तो तिनें निमूटपणें भोगला पाहिजे. १८४७ सालीं एडिंबरो येथें डॉ. जेम्स सिम्सन यांनीं प्रसूतींत क्लोरोफॉर्म वापरण्यास आरंभ केला, तेव्हां हाच आक्षेप त्यांच्यापुढें आला. सिम्सन हे स्वतः शास्त्र जाणणारे होते. त्यांनीं मूळ इब्री शब्द काढून दाखविला. सोळाव्या वचनांत स्त्रीच्या कष्टास जो शब्द आहे तोच सतराव्यांत पुरुषाच्या शेतकष्टासही आहे. पुरुषानें कांटे व घाम सोसावे म्हणून कोणी त्याचा नांगर काढून घेत नाहीं. मग स्त्रीचेंच दुःख हलकें करण्यास कोणीं हरकत कां घ्यावी? हें उत्तर आजही पुरेसें आहे, आणि ज्या घरांत सासू सुनेस ‘आम्हीं नाहीं का सोसलें’ असें म्हणते त्या घरीं तें वाचून दाखविण्यासारखें आहे.

इंग्लंडांतील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनीं १९३३ सालीं नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिलें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : भीतीनें अंग आवळतें, आवळलेल्या अंगांत कळ अधिक दुखते, आणि दुखल्यानें भीति वाढते. हें चक्र ज्ञानानें व धीरानें तोडतां येतें. ह्यांत पुष्कळ सत्य आहे. परंतु जी बाई ओरडली तिची श्रद्धा उणी पडली, असा अर्थ मात्र त्यांतून कोणी काढूं नये. आपल्या प्रभूनें स्वतः प्रसूतीचा दाखला दिला तेव्हां त्यानें त्या स्त्रीचें दुःख नाकारलें नाहीं. तिची वेळ आली म्हणून तिला दुःख होतें हें मान्य करूनच तो तिच्या आनंदाविषयीं बोलला.

पहिलटकरणीस काय घडणार तें आधीं सांगितलें पाहिजे, कारण तिला न सांगतां तिच्या कानांवर जें पडतें तें बहुधा भयंकरच असतें. पहिल्या खेपेस वेळ लागतो. आरंभींच्या कळा अनियमित असतात, कधीं येतात, कधीं तासभर थांबतात; हा भाग पुष्कळ तास, कधीं एक अख्खी रात्र चालतो. ह्या वेळीं तिनें हिंडावें, पेज किंवा सरबत घ्यावें, दोन कळांच्या मध्यें डोळे मिटावे. गर्भाशयाचें तोंड पांच सेंटिमीटर उघडलें म्हणजे खरी नेटाची प्रसूति सुरू झाली असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं ठरवून दिलें. तेथून पुढें पहिलटकरणीस साधारणपणें बारा तासांहून अधिक लागत नाहींत. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेंच पाहिजे हा जुना दंडक सर्वांस लागू पडत नाहीं, आणि केवळ तेवढ्यावरून घाई करूं नये, असेंही तिनें सांगितलें आहे. कळ लाटेसारखी चढते, माथ्यावर येते व उतरते. समुद्रकांठच्या मुलीला हें समजावून सांगावें लागत नाहीं. लाट अंगावर येतांना श्वास कोंडूं नये, लांब सोडावा. लाट ओसरली म्हणजे खांदे व जबडा सैल सोडावा. उकिडवें बसावें, कुशीवर निजावें, हातापायांवर ओणवें व्हावें. जें तिला बरें वाटेल तें. जोर करण्याची प्रेरणा आपोआप येते. ती येण्यापूर्वीं ‘कर, कर’ म्हणून ओरडणाऱ्या बायांनीं बाहेर अंगणांत बसावें हें उत्तम.

घरीं बोलावून कळा वाढविण्याचें इंजेक्शन देणारा कोणी भेटला तर त्याला उंबऱ्याआंत घेऊं नये. तें औषध दवाखान्यांत, बाळाचे ठोके मोजीत, फार जपून द्यावयाचें असतें. घरीं दिल्यास गर्भाशय फाटतें व बाळ गुदमरतें.

सोबतीची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या बाईजवळ प्रसूतिभर एक ओळखीचें, प्रेमळ माणूस सतत राहतें तिची प्रसूति अधिक वेळां आपोआप होते, थोड्या वेळांत होते, व शस्त्रक्रियेची पाळी कमी येते, असें अनेक देशांतील प्रयोगांवरून दिसून आलें आहे. भारत सरकारनेंही २०१६ सालीं सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळीं एक सोबतीण ठेवण्यास संमति दिली; जिनें स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतला आहे अशी नात्यांतील स्त्री असावी. ही संमति पुष्कळांस ठाऊकच नाहीं. दवाखान्यांत तें नम्रपणें विचारावें. आणि ज्या मुलीला आई नाहीं, किंवा जिचा नवरा मुंबईस कामावर व सासूचे गुडघे चालत नाहींत, तिच्यासोबत कोण जाणार? ही मंडळीची गोष्ट आहे. स्त्रियांच्या सभेनें सातव्या महिन्यांतच एका शांत स्वभावाच्या भगिनीस हें काम नेमून द्यावें. ती भगिनी प्रार्थना करणारी असावी, पण फार बोलणारी नसावी.

राहेलीची कथा ह्या पाठांत मुद्दाम घेतली आहे. एफ्राथच्या वाटेवर तिला कळा आल्या, सुईण जवळ होती, बाळ जगलें, आणि राहेल गेली. सुईण असूनही कांहीं प्रसंगीं निसर्ग हात टेकतो. म्हणून पहिलें बाळंतपण दवाखान्यांतच करावें, असें मीं स्पष्ट सांगतों. बुरोंडीहून दापोली दहा-बारा किलोमीटर. रस्ता चढणीचा व वळणांचा. आषाढांतल्या रात्रीं तो दिवसाच्या दुप्पट लांब होतो. दापोलीहून पुढें चिपळूण किंवा रत्नागिरीस न्यावें लागलें तर आणखी किती वेळ जाईल तें आधींच मनांत धरावें. १०२ व १०८ हे रुग्णवाहिकेचे क्रमांक भिंतीवर ठळक लिहावे, आणि ती न आल्यास कोणाची गाडी निघेल तें त्या गाडीवाल्याशीं आधींच बोलून ठेवावें. २००५ सालच्या जननी सुरक्षा योजनेंत गरीब मातेस पैशाचें साहाय्य आहे, आणि २०११ पासून सरकारी दवाखान्यांत प्रसूति, शस्त्रक्रिया, औषधें, रक्त व नेआण ह्यांचा खर्च घ्यावयाचा नाहीं असा नियम आहे. पहिलें बाळंतपण माहेरीं करण्याची आपली रीत आहे. तेव्हां मुलगी माहेरीं निघतांना तपासण्यांचें कार्ड तिच्या पिशवींत आहे कीं नाहीं तें पाहावें. लाडू मागून पोंचले तरी चालतात.

रक्त जाऊं लागलें, डोकें फार दुखून डोळ्यांपुढें अंधारी आली, तोंड व हात सुजले, झटका आला, ताप भरला, बाळाची हालचाल मंदावली, पाणमोट फुटली, मग कळा असोत वा नसोत, आणि विशेषतः पाणी हिरवट असलें, ह्यांपैकीं एकही झाल्यास सकाळ होण्याची वाट पाहूं नये.

शस्त्रक्रिया करावी लागली तर तींत कमीपणा नाहीं. त्याच पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत चार प्रसूतींपैकीं एक पोट उघडून होते, आणि खाजगी दवाखान्यांत तें प्रमाण अधिक आहे. ह्यांतील कित्येक टाळतां आल्या असत्या असें जाणते डॉक्टर म्हणतात. ‘कशाकरितां?’ असें विचारण्याचा आईबापांस हक्क आहे. परंतु बाळाचे ठोके पडूं लागले असतां दारांत उभें राहून वाद घालण्याचा हक्क कोणासही नाहीं.

बाळ आलें कीं तें पुसून, कोरडें करून, आईच्या उघड्या छातीवर ठेवावें व वरून दोघांस पांघरूण घालावें. बाळ रडलें व त्याचा श्वास नीट चालला असेल तर नाळ लगेच न बांधतां एक ते तीन मिनिटें थांबावें. तेवढ्यांत वारेंतील रक्त बाळाकडे जातें व पुढें महिनोन्महिने त्याला लोहाची कमतरता पडत नाहीं. पहिल्या तासांतच अंगावर घ्यावें. पिवळसर चीक कित्येक घरीं अजून पिळून टाकितात व मधाचें बोट चाटवितात. हें अगदीं बंद व्हावें. चीक हें बाळाचें पहिलें औषध आहे, आणि मधानें तान्ह्या बाळास भयंकर रोग होऊं शकतो. यहेज्केलाच्या सोळाव्या अध्यायांत नवजात बाळास धुणें व मीठ चोळणें ह्या त्या काळच्या रीतींचा उल्लेख आहे. तो दृष्टांत आहे, नियम नव्हे. पहिली आंघोळ निदान चोवीस तास लांबवावी. नाळेस राख, हळद, तेल, कांहीं लावूं नये. व्हिएन्ना येथें डॉ. सेमेलवाइस यांनीं १८४७ सालीं केवळ हात धुण्याची सक्ति करून बाळंतिणींचे मृत्यू कितीतरी उतरविले होते; तोच नियम बाळ घेणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आपल्या शेजारीं पांचवीच्या रात्रीं सटवाईची पूजा मांडतात, ती बाळाच्या कपाळीं लिहिते म्हणून. ख्रिस्ती घरीं ती रात्र भीतीची नाहीं. पण शेजारणींची थट्टाही करूं नये. ज्या काळीं पहिल्या आठवड्यांतच बाळें जात त्या काळच्या आयांची ती धडधड आहे. विटाळाचें मात्र कांहीं चालूं देऊं नये. बाळंतीण अंधाऱ्या खोलींत, धुरांत, अर्धपोटीं पडून राहते तें बंद करावें. तिला उजेड, वारा, भात, मासळी, डाळ व पालेभाजी द्यावी. विश्रांति मात्र पुरी चाळीस दिवस असूं द्यावी. पाळकांनीं ती देवळांत येईपर्यंत न थांबतां पहिल्या आठवड्यांत घरीं जावें, हात धुवावे, लहानशी उपकारस्तुति करावी, बाळाचा मुका न घेतां आशीर्वाद द्यावा, आणि चहा होण्यापूर्वीं उठावें.